घोड्यांच्या ट्रेलरमधल्या खोलीत गरम पाणी: कोणता गीझर आणि तो बसवायचा कुठे?

खिंकाळी

तीन घोड्यांचा गूसनेक ट्रेलर (पुढची उंच मान ओढणाऱ्या गाडीवर टेकते तो), पुढे राहायची छोटी खोली. पाण्याची टाकी ११० लिटर, सांडपाण्याची ७५ लिटर, १२ व्होल्टचा पंप, एक सिंक, एक शॉवर. पाणी फक्त गार. पुढे प्रोपेनचे दोन सिलिंडर आहेत, त्यावर शेगडी आणि खोली तापवायचा हीटर चालतो. बॅटरी १०० एएच (अँपिअर-तास), लेड-ॲसिड. मुक्कामाच्या जागी बाहेरची वीज कधी मिळते, कधी नाही.

दोन माणसांच्या आंघोळी, भांडी, आणि जमलं तर घोडा कोमट पाण्याने धुणं एवढं व्हायला हवं. टाकीवाला गीझर, इन्स्टंट गॅस गीझर की सिंकखाली बसणारा छोटा विजेचा? भिंत कापावी लागणार असेल तर कुठे कापू नये, तेही सांगा.

पाना_पक्कड

नुसता विजेवरचा आधी बाद करा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. म्हणजे १५ लिटर पाणी १५ वरून ५५ अंशांवर न्यायला ७०० वॉट-तास झाले. तुमच्या बॅटरीतून, तिचं आयुष्य न खाता, साधारण ६०० निघतात. एका टाकीतच बॅटरी बसली, मग पंप आणि दिवे कशावर? बाहेरची वीज नक्की असेल तिथे १५०० वॉटचा छोटा गीझर तेच काम अर्ध्या तासात करतो, पण तुमच्याकडे ती खात्री नाही.

माझं मत: गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा २३ लिटरचा आरव्ही (राहायच्या गाडीसाठीचा) गीझर. पाणी ६० अंशांवर तापवून ठेवलं आणि १५ अंशांचं गार पाणी मिसळून ४० वर आणलं, तर कागदावर ४१ लिटर होतं. टाकीत खालून गार पाणी शिरून मिसळत असतं, म्हणून हाताशी ३० ते ३३ धरा. शॉवर मिनिटाला ६ लिटरचा आणि हँडलवरच बंद करायचं बटण असलेला घ्या, मग माणशी १५ लिटर पुरतं. दोघांचं एका टाकीत भागतं. साडेतीन किलोवॉटचा बर्नर टाकी पुन्हा अर्ध्या तासात तापवतो, आणि एका वेळेला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो.

निळी_ज्योत

टाकीवाला सुचवण्याआधी इन्स्टंटचीही बाजू ऐका. जागा कमी लागते, वजन कमी, आणि पाणी साठवून गरम ठेवायचा गॅस वाचतो. फक्त आकडे बघून घ्या. पाणी मिनिटाला ५ लिटर आणि ४० अंशांनी तापायला हवं तर पाण्यात १४ किलोवॉट उतरले पाहिजेत, म्हणजे बर्नर साडेसतरा किलोवॉटचा. १२ किलोवॉटचा घेतला तर गारठ्यात धार मिनिटाला साडेतीन लिटरवर येते.

बर्नर मोठा म्हणजे गॅसची नळीही मोठी. शेगडीची ३/८ इंची नळी तिथवर ओढून भागत नाही. सहसा १/२ इंची लागते, लांबी जास्त असेल तर त्याहून मोठी. रेग्युलेटरसुद्धा शेगडी, हीटर आणि गीझर एकदम चालले तरी पुरेल एवढ्या क्षमतेचा हवा. नाहीतर आंघोळ चालू असताना हीटर पेटतो आणि गीझर विझतो.

पाना_पक्कड

@निळी_ज्योत, आकडे मान्य. पण इन्स्टंटची खरी गोम पंपात आहे. १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप दाब चढला की बंद होतो, उतरला की सुरू. शॉवर बारीक सोडला की पंप धडधड करत चालू-बंद होत राहतो. धार किमान प्रवाहाच्या खाली गेली की गीझर विझतो, मग पुन्हा पेटतो, आणि डोक्यावर गरम-गार-गरम असा खेळ सुरू होतो. इन्स्टंटच घ्यायचा असेल तर पंपानंतर लिटरभराचा ॲक्युम्युलेटर (आत हवा असलेली, दाब सांभाळणारी छोटी टाकी) घाला आणि त्यातली हवा पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या जरा खाली ठेवा.

शिवाय अखंड गरम पाणी म्हणतात ते घरी ठीक. इथे टाकी ११० लिटरची आणि सांडपाण्याची ७५ ची. दोन आंघोळी ३०, भांडी १०, म्हणजे रोजचे ४० लिटर. दुसऱ्या दिवशी सांडपाण्याची टाकी भरते. गरम पाणी संपण्याआधी ते सोडायची जागा संपते. त्यात इन्स्टंटमध्ये दर वेळी नळ उघडला की आधीचं गार पाणी वाहून जातं ते वेगळं.

चौखूर

घोड्यांच्या बाजूने चार गोष्टी. वर कोणी काढल्या नाहीत, आणि याच जास्त चुकतात.

ट्रेलरच्या ज्या अंगाला बाहेर घोडे बांधायच्या कड्या आहेत, त्या अंगाला गीझरची जाळी (बाहेरच्या भिंतीत बसणारी, धूर सोडणारी) नको. बांधलेला घोडा कंटाळला की मागचा पुठ्ठा ट्रेलरला घासतो, नाहीतर जाळी चाटत बसतो. बर्नर चालू असताना ती जाळी चटका देण्याइतकी तापते. वैरणीची जाळी टांगायची जागा, घोड्यांच्या कप्प्याच्या, खालच्या दिशेने उघडणाऱ्या खिडक्या आणि गवताच्या पेंढ्या ठेवायचा कप्पा यांच्यापासूनही लांब राहा. वाऱ्याने एक काडी जाळीत शिरली तरी पुरते.

खोलीचं दार पूर्ण उघडून भिंतीला अडकवल्यावर कुठवर येतं ते खडूने आखून घ्या. दाराने जाळी झाकली गेली की धूर परत आत, बर्नरची ज्योत पिवळी, आणि दाराला डाग. उघडणाऱ्या खिडकीखालीही नको.

कापण्याआधी भिंतीतले उभे खांब शोधा. ॲल्युमिनियमच्या ट्रेलरमध्ये बाहेरचा पत्रा आणि खांब मिळून भार पेलतात, गूसनेकच्या मानेजवळ तर जास्तच. २३ लिटरच्या गीझरला साधारण ३३ सेंमी चौकोनी भोक आणि आत अर्धा मीटर खोल जागा लागते. नेमकं माप त्याच मॉडेलच्या कागदी टेम्प्लेटवरून घ्या, अंदाजाने नको. दोन खांबांच्या मध्ये बसत नसेल तर जागा बदला, खांब कापू नका. चाकाच्या कमानीवरची जागा मोकळी दिसते, पण आत अर्धा मीटर मिळत नाही.

आणि घोडा धुण्याचं: पूर्ण घोडा पाइपने धुवायचा तर ४० ते ६० लिटर सहज जातात. तुमची अर्धी टाकी. ते पाणी याच गीझरवर धरू नका. १५ लिटरच्या दोन बादल्या, ३५ ते ३८ अंशांचं कोमट पाणी आणि स्पंज, एवढ्यात घाम आणि माती निघते. पाइपनेच हवं असेल तर बाहेर टांगायचा, सेलवर पेटणारा कॅम्पिंगचा गीझर वेगळा घ्या आणि जागेवरच्या नळाला जोडा. तो मात्र बाहेरच. ‘दार उघडं ठेवून’ आत वापरायचा विचारसुद्धा करू नका, त्याचा धूर बाहेर नेणारी नळीच नसते.

आटे_वायसर

नळजोडणी. क्रम असा: टाकी, गाळणी, पंप, (हवा असेल तर ॲक्युम्युलेटर), मग टी (तीन तोंडांचा जोड). टीची एक शाखा गार नळांना, दुसरी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून गीझरच्या गार तोंडाला. हा व्हॉल्व्ह गाळला तर तापून फुगलेलं पाणी गार लाइनमध्ये मागे सरकतं आणि गार नळ उघडला की आधी कोमट येतं.

गीझरला तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास (गीझर वगळून पाणी पुढे नेणारी वाट) आत्ताच करून ठेवा. एक गार तोंडावर, एक गरम तोंडावर, तिसरा दोघांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यावर. थंडीत याचे उपकार समजतात.

पाइप अर्धा इंची पेक्स (लवचीक प्लास्टिकचा). तांब्याचा नको: सतत हादऱ्याने सांधे सुटतात, आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. घोड्यांच्या कप्प्यातून लाइन न्यायचीच असेल तर बंद नळीतून न्या. गीझरच्या तोंडाला थेट प्लास्टिकचे आटे लावू नका, उष्णतेने चिरतात. आधी छोटं पितळी निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला तुकडा), टेफ्लॉनचे तीन-चार वेढे, मग पेक्सचा ॲडॅप्टर. दर ८० सेंमीला रबर लावलेली क्लिप, आणि पत्र्यातून पाइप जातो तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेचं रबरी कडं). ग्रोमेट नसेल तर पत्र्याची कड पाइपला करवतीसारखी कापत राहते, आणि गळती भिंतीच्या आत होते म्हणून फरशी कुजेपर्यंत दिसत नाही.

भरलेल्या गीझरचं वजन पत्र्यावर टांगू नका. खाली प्लायवुडची बैठक, तिला चौकटीचा आधार, आणि गीझर पुढे-मागे सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या. बाहेरच्या कडेला ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी). ॲल्युमिनियममध्ये साधे लोखंडी स्क्रू घातले तर भोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन झडतो. स्टेनलेस वापरा आणि आट्यांना सीलंट लावा.

खिंकाळी

टाकीवाला गॅस-वीज गीझर पक्का. कड्या उजव्या अंगाला आहेत, म्हणून डाव्या अंगाला, सिंकखाली बसवायचं ठरतंय. गॅसचा सांधा आणि पहिल्यांदा चालू करताना काय बघायचं? आणि सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं असं बरेच जण म्हणतात, तो खराब असतो का?

निळी_ज्योत

गॅसचं काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या, पण तो काय करतोय ते कळायला हवं. फ्लेअर सांध्याला (नळीचं टोक फाकवून केलेल्या) टेफ्लॉन लावायचा नसतो, तिथे धातू धातूवर बसून सील होतो. टेप लावला की उलट गळतो. निमुळत्या आट्यांना मात्र गॅससाठीचाच टेप किंवा पेस्ट. आरव्हीची बहुतेक उपकरणं ११ इंच वॉटर कॉलम (गॅसचा हलका दाब मोजायचं माप) दाबावर चालतात, तो दाब मॅनोमीटर (दाबमापक) लावून बघायला सांगा. सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासा. काडी पेटवून नव्हे.

प्रोपेन हवेच्या दीडपट जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, आणि तुमचा पलंग गूसनेकच्या मानेत असणार, तेव्हा तो तिथे झोपण्याच्या उंचीवर. ट्रेलर हलवताना सिलिंडर बंद. निघण्याआधी पाणी तापवून घेतलं तर टाकीत काही तास गरम राहतं.

गीझर तीनदा टिक-टिक करून लाल दिवा लावत असेल तर आधी व्होल्टेज बघा. बॅटरी १०.५ व्होल्टच्या खाली गेली की सर्किट बोर्ड लॉक होतो. ते ठीक असेल तर अर्थिंगच्या टोकावरचा गंज, आणि मग बर्नरची नळी. कोळी आणि कुंभारमाशी तिथे हमखास घर करतात. जाळीच्या आतून बारीक तारेची जाळी लावा.

आटे_वायसर

पहिल्यांदा: गीझर भरा, गरम नळ उघडा, हवा फुरफुरत निघते ती थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. मगच स्विच. रिकाम्या टाकीत विजेची कॉइल काही सेकंदांत जळते. विजेचा स्विच लावला आणि टाकी भरायची राहिली ही या गीझरची सगळ्यात जास्त होणारी मोडतोड, म्हणून त्या स्विचवर चिकटपट्टी लावून ‘आधी पाणी’ लिहून ठेवा.

ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल: बहुतेक वेळा तो चांगला असतो. टाकीच्या वरच्या भागात हवेचा कप्पा असतो, पाणी फुगतं तेव्हा तो दबतो. ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते, मग फुगायला जागा राहत नाही आणि १० बार किंवा ९९ अंशांना उघडणारा व्हॉल्व्ह दाबापायी ठिबकतो. गीझर आणि पंप बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या, गरम नळ उघडा, व्हॉल्व्हचा दांडा वर करून पाणी थांबेपर्यंत धरा. कप्पा परत तयार. एवढं करूनही गळला तर बदला. प्लग ठोकून बंद करायचा नाही, तो बंद केलेला गीझर म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी दाबून धरणं.

टाकी पोलादी असेल तर आत मॅग्नेशियमचा रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा) असतो, तीन-चतुर्थांश झिजला की बदला (२७ मिमीचा बॉक्स पाना). ॲल्युमिनियमच्या टाकीत रॉड घालायचा नसतो, तिथे प्लास्टिकचा प्लग असतो. गरम पाण्यालाच सडक्या अंड्याचा वास आला तर दर लिटरला १ मिली साधं ५ टक्क्यांचं ब्लीच टाकीत घाला, सगळ्या नळांपर्यंत ओढून घ्या, चार तास ठेवा आणि वास जाईपर्यंत धुवा. घोडे त्याच टाकीचं पीत असतील तर आणखी एकदा धुवा, क्लोरीनचा वास आला की काही घोडे बादलीला तोंड लावत नाहीत.

चौखूर

थंडीचं राहिलं. पाणी गोठायच्या आत बायपास फिरवा, गीझर गार झाल्यावर खालचा प्लग काढून रिकामा करा. बाकी लाइनमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ. गाडीच्या रेडिएटरचं एथिलीन ग्लायकॉलवालं ट्रेलरच्या आसपासही नको, चवीला गोड आणि विषारी. रिकामं करताना बादली मोकळी सोडून जाऊ नका, घोडा असो की कुत्रा, तोंड घालतोच.