मदत हवी आहे: स्पेक्ट्रममधली (आवाजात कोणती वारंवारता किती, ते दाखवणाऱ्या आलेखातली) ही रेघ मोटरची समजायची का?

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. भट्टीच्या ब्लोअरला हल्ली घरघर यायला लागली आहे. मोटर १४४० आरपीएमची, थेट कपलिंगवर (मोटर आणि ब्लोअरचे दांडे जोडणारा जोड); म्हणजे सेकंदाला २४ फेरे, २४ हर्ट्झ. अलाइनमेंट बिघडली असेल, म्हणजे दोन्ही दांडे एका रेषेत नसतील, तर दुपटीला, ४८ च्या आसपास रेघ उठायला हवी. पण विजेचा हमही (वीजपुरवठ्याची गुणगुण) ५० ला!

फोनवर रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरच्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये बघतोय, विंडो हॅन. साइझ (एका वेळी तपासायचे नमुने) २०४८ ठेवली की नुसतं एक पसरट टेकाड दिसतं. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या सॅम्पलिंगला आलेखाचा एकेक खण २१.५ हर्ट्झचा पडतो, वेगळं दिसणार कसं? ६५५३६ केल्यावर खण ०.६७ चा झाला आणि दोन टोकं सुटली: ४८.५ आणि ५०. ४८ ऐवजी ४८.५ आलं, कारण लोड पूर्ण नसल्यानं फेरे थोडे जास्त असावेत.

आता खरी अडचण. इतक्या खालच्या आवाजाला फोनच्या माइकचा भरवसा धरावा का, की बेअरिंग हाउसिंगवर ॲक्सेलरोमीटर (कंपन मोजणारा सेन्सर) लावूनच बघावं? कपलिंग उघडायचं तर भट्टी थांबते, कामगारांचा रोज बुडतो. म्हणून आधी खात्री हवी आहे. कोल्हापुरात कुणाकडे असा सेन्सर असेल तर कृपया कळवा, भाडं देईन.