पियाजे पाठ करून शिक्षक होतो का?

खडूधारी: काल इथंच शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल एकांनी लिहिलं, "टीईटीतलं बालमानसशास्त्र म्हणजे घोकंपट्टी, वर्गात उपयोग शून्य." तिथंच उत्तर देणार होतो, पण लांबलं. 150 पैकी 30 गुण त्याला असतात आणि जिनिव्हाच्या पियाजेनं मुलांच्या विचाराच्या वयानुसार ज्या अवस्था सांगितल्या, त्यांवर प्रश्न 'मूर्त क्रियात्मक अवस्था कोणत्या वयात' याच छापाचे येतात, कबूल. पण तो दोष पेपर काढणाऱ्यांचा. पियाजेचाच प्रयोग करा: दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी घ्या आणि एकातलं उंच, निमुळत्या ग्लासात ओता. पहिलीतलं पोर छातीठोक सांगतं, "यात जास्त!" हे एकदा पाहिलं की चुकलेल्या पोरावर ओरडताना जीभ अडखळते.

भाकरतुकडा: केलाय प्रयोग. वाडीवरची जिल्हा परिषद शाळा, पहिलीतली मुलगी, घरी दुधाचा रतीब. मी ओतून दाखवलं तर माझ्याकडंच येड्यासारखं बघत म्हणाली, "माप एकच हाय की, गुरुजी." आता हिला कुठल्या अवस्थेत कोंबू? जिनिव्हाच्या पोरांचं आमच्या पोरांना लावू नका.

खडूधारी: अहो, मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याचं हेच, आकार बदलला तरी माती तेवढीच, लवकर उमगतं, हे 1969 सालीच दाखवून झालंय. पियाजेची वयं दगडावरची रेघ नाहीत. पुढे मूल भोवतालच्या माणसांकडून शिकतं म्हणणारा वायगॉट्स्कीही वाचा की.

निवृत्तबाई: याच विद्वत्तेपायी 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' आलं! आम्हाला सत्तावीस यायला कुणी पियाजे लागला नव्हता.

भाकरतुकडा: बाई, इथं मात्र नाही पटत. सत्तावीस म्हणताना सात आधी, लिहिताना दोन आधी. माझी पोरं सर्रास 72 लिहितात. आणि पुस्तकात दोन्ही रूपं होती, न वाचताच गदारोळ झाला.

निवृत्तबाई: न वाचता? 34 वर्षं दुसरीचा वर्ग घेतलाय मी! भाजीवालीला काय 'पन्नास तीन रुपये घे' म्हणायचं? नातीला एकोणसाठ कळत नाही, 'फिफ्टी नाईन' म्हटलं की कळतं. ही तुमची प्रगती.

सातासमुद्रापार: जर्मनीतून लिहितोय. इथंही 'सात आणि वीस'च म्हणतात आणि माझा लेकही आकडे उलटे लिहायचा. म्हणून कुणी भाषा बदलली नाही. कानडीत मात्र वीस आधी येतं.

निवृत्तबाई: मग पाठवा सगळ्यांना धारवाडला.

भाकरतुकडा: बाई, टोमणे नकोत. तुमच्या वर्गात पोरं बालवाडी करून यायची. माझ्याकडं ऊसतोडीहून थेट येतात.

निवृत्तबाई: माझी कुठून यायची ते तुम्हाला काय ठाऊक? वीटभट्टीवरून आणलीत मी, हाताला धरून.

खडूधारी: धागा पियाजेचा होता हो! पण भाकरतुकडा, 72 लिहिणारं पोर ढ नाही, ऐकलं त्याच क्रमानं लिहितंय, हे तुम्हीच सांगितलंत. मी दुसरं काय म्हणत होतो?

भाकरतुकडा: बरं बाबा, अर्धं मान्य. उरलेलं अर्धं टीईटीत 'जोड्या लावा' बंद होतील त्या दिवशी.

निवृत्तबाई: अर्धं म्हणजे किती, गुरुजी? चाळीस नऊ टक्के की एकोणपन्नास?