उदाहरण चुकलं की वही मिटून बसणारी मुलगी

प्रश्न: सातवीला गणित शिकवते. वर्गातली एक मुलगी चांगली हुशार आहे, पण एखादं उदाहरण चुकलं की पान फाटेस्तोवर खोडते आणि वही मिटून बसते. समजूत घालायला गेलं तर आणखीच गप्प. काय करावं?

उत्तर १: 'तू किती हुशार आहेस' हे म्हणणं आधी थांबवा. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हुशारीची शाबासकी मिळालेली पाचवीची मुलं अवघड कोड्यांत अपयश आल्यावर लवकर खचली. मेहनतीची शाबासकी मिळालेली टिकून राहिली.
माझ्या वर्गात खोडरबर बंद आहे. चुकलेल्या पायरीवर एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा सोडवायचं. वजाबाकीचं चिन्ह नेमकं कुठे सुटलं, ते मुलांना स्वतःलाच दिसतं. फळ्यापाशी कुणी अडलं तर लगेच धावून जाऊ नका. ती शांतता मुलांपेक्षा आपल्यालाच जड जाते.

प्रश्नकर्ती: पण बाकीची मुलं हसतात, त्याचं काय?

उत्तर १: तिथे मी अजिबात सूट देत नाही. हसणं तिथल्या तिथे थांबवते. हे जमलं नाही तर बाकी सगळं वाया.

उत्तर २: सहमत. पण गुण कमी पडले की घरी काय होतं, हे तिला एकटीला गाठून हळूच विचारा. घरी मार बसत असेल तर तिला चिकाटी शिकवणं हा अन्याय आहे. आधी पालकांशी बोलायला हवं.