वजन वाढू नये म्हणून अ‍ॅप: कडक भाकरी नोंदवायची कशी?

पार्कचौक
सोलापुरात रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) १८ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी तीन महिन्यांचा उपक्रम आखतोय. बहुतेकांचं वजन आज ठीक आहे, ते वाढू नये एवढाच हेतू. पावलं, जेवण, वजन, सगळं फोनवर. पण अ‍ॅपच्या यादीत कडक भाकरी नाही, शेंगाचटणी नाही. शिवाय जेवणाच्या नोंदी मुलं आठवड्यात सोडतात. काय ठेवू, काय गाळू?

कडकभाकरी
भाकरी नाही, पीठ मोजा. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या साधारण २०० कॅलरी. मऊ असो की कडक, आकडा तोच. कडक भाकरीतलं पाणी उडालेलं असतं, म्हणून ती काट्यावर ठेवून मऊ भाकरीच्या नावाखाली नोंदवली की कॅलरी कमी दिसतात. अ‍ॅपमध्ये 'स्वतःचा पदार्थ' म्हणून एकदाच भरून ठेवा.

खरी गळती चटणीत आहे. १५ ग्रॅमचा चमचा ८०-८५ कॅलरीचा, वर चहाचा चमचाभर तेल घेतलं की आणखी ४०. तोंडी लावणं म्हणून ते कुणी लिहीतच नाही!

रोजची नोंद मात्र गाळाच. महिन्यातून तीन दिवस पुरे, त्यातला एक रविवार. उपाशी राहण्याची किंवा मुद्दाम उलटी करण्याची सवय असलेल्यांना कॅलरी मोजायला लावू नका, त्यांना डॉक्टरांकडे पाठवा.

कंबरतलाव
आधी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याची, पट्टी तपासा. बरीच अ‍ॅप २५ पर्यंत हिरवा रंग दाखवतात. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १७० सेंमी उंचीचा, ७० किलोचा मुलगा २४.२ वर असतो. अ‍ॅप त्याला शाबासकी देतं.

सोबत कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडल्यावर. पुरुषांना ९० सेंमी, स्त्रियांना ८० ही मर्यादा. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली बसते.

वजन सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी. पाणी-मिठामुळे किलोभर इकडेतिकडे होतंच, म्हणून सात दिवसांची सरासरी बघा. वजनाची क्रमवारी गटात टाकू नका, निम्मे पळतील.

पार्कचौक
पटलं. आणि पावलं? एकाच मुलाचे फोनवर आणि घड्याळावर वेगळे आकडे येतात.

कडकभाकरी
दोन्ही एकाच अ‍ॅपला जोडले असतील तर कधीकधी बेरीजही होते, एकच स्रोत ठेवा. आकडा मध्येच थांबत असेल तर बॅटरी बचतीतून ते अ‍ॅप वगळा. १०,००० चा आकडा मुळात १९६५ च्या जपानी पाऊलमापकाच्या नावातून आला, त्याला चिकटू नका. मिनिटाला १०० पावलांच्या चालीनं ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी सातच्या आत उरकायचं.

आणि 'चाललात म्हणून एवढ्या कॅलरी जास्त खा' हे सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा. अर्धा तास चालून मिळालेली सूट दोन चमचे चटणीत संपते.