स्टेजवरचे फोटो हलतात, फुलफ्रेम घेऊ का?

उनाडपाखरू:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच विचारतेय. माझ्याकडे कॅननचा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवाला डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ ची लेन्स आणि नंतर घेतलेली ५५-२५०. बाहेर उन्हात काहीच तक्रार नाही. पण मागच्या महिन्यात भाचीच्या ग्रुपचा डान्सचा कार्यक्रम होता, चारशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन लॅपटॉपवर बघितले तर रडायचीच बाकी राहिले. हात म्हणजे नुसते फिरते पंखे, चेहरे एकतर चुना लावल्यासारखे पांढरे नाहीतर लालभडक, आणि जे चार-दोन बरे आलेत त्यात वाळू टाकल्यासारखा नॉइज. बरं लेन्सचं आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू होतं त्यामुळे माझा हात हलला असंही नाही. मित्र म्हणतो बॉडी जुनी झाली, फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस घे, सोबत २४-१०५ एफ ४ लेन्स घे, काम झालं. पुढचा कार्यक्रम दीड महिन्यावर आलाय. घेऊन टाकू का?

टिंगटाँग:
मोबाईलने काढा, आजकाल कोणाला कळतंय.

जुना रोल:
घ्या की, पैसे तुमचे आणि हौसही तुमची. फक्त त्याआधी एक करा, हललेला कुठलाही एक फोटो उघडून त्याचा एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली माहिती) इथे टाका. शटर किती वेळ उघडं होतं, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं होतं (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता आणि कितीवर झूम होता ते.

टिंगटाँग, मोबाईल एका फोटोसाठी पटापट अनेक फ्रेम घेतो आणि एकावर एक रचतो, समोरचा माणूस शांत बसला असेल तर झकास. गिरकी घेणाऱ्या मुलीला तीन कोपरं येतात.

उनाडपाखरू:
१/६०, एफ ५.६, आयएसओ ८००, २५० एमएम. जवळजवळ सगळे असेच आहेत. ऑटो आयएसओला ८०० ची मर्यादा मीच लावली होती, त्यापुढे नॉइज येतो असं कुठेतरी वाचलं होतं.

जुना रोल:
सापडला चोर. बॉडीचा काही दोष नाही हो, तिचे हात तुम्हीच बांधून ठेवले होते.

८०० च्या वर जायचं नाही, आणि २५० ला लेन्स ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, मग बिचारा कॅमेरा उजेड आणणार कुठून, त्याने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं. नाचणाऱ्या मुलीचा हात १/६० सेकंदात चार बोटं तरी सहज सरकतो. आयएस तुमची थरथर सावरतं, समोरच्या मुलीला ते 'थांब गं जरा' असं थोडंच सांगणार आहे. शिवाय २५० क्रॉपवर म्हणजे फुलफ्रेमच्या ४०० सारखं दिसतं, आयएस नसतं तर १/४०० शिवाय हातातून काढायची सोय नव्हती, म्हणजे तुमच्या हाताचं काम त्याने चोख केलंय, त्याला बोल लावू नका.

डान्सला मी १/२५० च्या खाली उतरत नाही, उड्याबिड्या असतील तर १/५००. १/६० वरून १/२५० म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), उजेड चौथाई झाला, तो भरून काढायला ८०० चं ३२०० करावं लागणार. नॉइज येईल, येऊ दे की. रॉमध्ये (जेपेग न करता सेन्सरवरचा कच्चा डेटा) काढला असेल तर नॉइज नंतर सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी निघतो, हललेला हात कुठलंही सॉफ्टवेअर जागेवर आणून देत नाही (दिलाच तर तो त्या मुलीचा नसतो). आम्ही ४०० चा ब्लॅक अँड व्हाइट रोल १६०० समजून वापरायचो आणि डेव्हलपिंगला जास्त वेळ द्यायचो, दाणे अगदी मोजून घ्यावेत असे दिसायचे, पण त्यातले कितीतरी फोटो अजून भिंतीवर आहेत आणि आजवर एकाही पाहुण्याने दाण्यांची चौकशी केलेली नाही.

आता तुमच्या मित्राचा हिशोब बघू. क्रॉपपेक्षा फुलफ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ अडीचपट, म्हणजे नॉइजमध्ये साधारण सव्वा स्टॉपचा फायदा. ५.६ ऐवजी एफ ४, आणखी एक स्टॉप. ऐकायला छान आहे. पण त्याच खुर्चीत बसून १०५ ला तुम्हाला अख्खं स्टेज दिसणार आणि भाची अंगठ्याएवढी. ४०० ची फ्रेम हवी म्हणून कापायला बसलात तर २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम पावणेदोन हातात उरतात. मिळालेले सगळे स्टॉप तिथेच उडाले, उलट अंगावर आले. सेन्सर मोठा घेतला की लांब पल्ल्याची लेन्सही नवी लागते, आणि हे बॉडी घेताना कोणी सांगत नाही.

माझं विचाराल तर ८५ एफ १.८ बघा, आहे त्याच बॉडीला. ५.६ च्या तुलनेत १.८ ला जवळपास दहापट उजेड आत येतो. तेवढ्याच उजेडात १/२५० आणि आयएसओ ४०० ला काम होईल, तेही थोडा उजेड शिल्लक ठेवून. झूम नाही, त्यामुळे पुढे जाऊन बसावं लागेल, मागच्या रांगेतून जमणार नाही. दीड महिन्यासाठी कोणाकडून उसनी मिळाली तर आणखी उत्तम.

सावलीचोर:
जुना रोल काकांशी हिशोबात वाद घालायची माझी हिंमत नाही. पण 'बॉडीचा काही दोष नाही' हे पूर्ण पटलं नाही. मी मागच्या वर्षी जुन्या डीएसएलआरवरून मिररलेसवर आलो आणि अंधाऱ्या स्टेजवर सगळ्यात जास्त फरक फोकसमध्ये पडला. जुन्यावर मधला पॉइंट सोडला तर बाकीचे पॉइंट कमी उजेडात चाचपडत बसायचे, मधल्यावर धरून फ्रेम हलवेपर्यंत नाचणारी पुढे निघून गेलेली. आता डोळा ओळखून फोकस तिथेच चिकटून राहतो, मी फक्त फ्रेमकडे बघतो. दुसरं म्हणजे एक्स्पोजर क्लिक करायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं, चेहरा पांढरा पडतोय हे तिथेच कळतं.

फक्त सायलेंट मोड लावू नका. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं आणि एलईडी लाइट तेवढ्या वेळात लुकलुकत असतात, फोटोवर आडवे पट्टे उमटतात. माझे ऐंशी फोटो असे झेब्रा झाले, छोट्या स्क्रीनवर दिसलंच नाही.

जुना रोल:
सावलीचोर, फोकसचं बोललात ते मान्य, तिथे मी हट्ट करणार नाही. ऐन कार्यक्रमात नवीन बॉडीचा मेन्यू शोधत बसणं मात्र वाईट, घ्यायचीच तर दोन महिने आधी घ्यावी.

छोट्या स्क्रीनवरून माझी एक फजिती आठवली. एकदा एका कार्यक्रमात ३६ चा रोल, काउंटर ३८ वर गेला तरी रोल संपेना, मी मनातल्या मनात खूश की आज दोन फ्रेम फुकट मिळाल्या. रोलचं टोक स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं! अख्खा कार्यक्रम मी दीड इंच फिल्मवर काढला, एकावर एक ३८ वेळा. फिल्म पुढे सरकत असली की डावीकडचा रिवाइंडचा नॉब आपोआप फिरतो, तो फिरत नव्हता आणि तो माझ्या नाकासमोर होता. तेव्हापासून रोल घातला की आधी नॉब बघायचो. आता पहिले पाच फोटो काढून झूम करून बघतो आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघतो, सवय तीच, फक्त नॉब बदलला.

उनाडपाखरू, चुना लावलेल्या चेहऱ्यांचं राहिलंच. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग मध्यम करडं आहे असं वाटतं. मागे काळाकुट्ट पडदा आला की तो म्हणतो अंधार फार झाला, उजेड वाढवा, आणि त्यात स्पॉटलाइटमधला चेहरा जळून जातो. सरळ मॅन्युअलला जा. सुरुवातीच्या गाण्यात चेहऱ्यावरचा उजेड बघून एकदा सेट करा, लाइट बदलला की आयएसओचं चाक थोडं फिरवा. लाल लाइटमध्ये लाल चॅनल एकटाच भरून वाहतो आणि साधा हिस्टोग्राम मात्र सगळं ठीक दाखवतो, म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून ठेवा. रॉ मी गृहीत धरतोय. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिट रॉमध्ये १६३८४, पण जे जळलं ते रॉमध्येही परत येत नाही.

आणि गाणं ऐका. गिरकी संपताना, उडीच्या अगदी टोकाला अंग क्षणभर थांबतं, तिथे १/१२५ सुद्धा चालून जातं. रिहर्सल एकदा कॅमेऱ्याशिवाय बघितलीत तर ती जागा कुठे येते ते आधीच कळेल.

उनाडपाखरू:
झाला कार्यक्रम! ८५ उसनी मिळाली. रिहर्सलला गेले होते, नुसती बसून बघितली, भाची विचारत होती मावशी कॅमेरा विसरलीस का. मॅन्युअल, १/३२०, एफ १.८, आयएसओ १६००, ग्रुप डान्सला थोडं वर. ३१० काढले, त्यातले साठेक खरंच आवडले, मागच्या वेळी चार होते. त्यातले बारा इथे टाकलेत. बॉडी घ्यायचं तूर्तास पुढे ढकललंय.

एक अडचण मात्र आली. एकटी नाचत असेल तर मस्त, पण ग्रुपमध्ये पुढची मुलगी शार्प आणि मागची रांग धूसर. फोकस चुकतोय का?

सावलीचोर:
फोकस नाही चुकत, १.८ ला तेवढी खोलीच मिळत नाही. ८५ क्रॉपवर आठ मीटरवरून १.८ ला साधारण साठ सेंटिमीटर शार्प, २.८ ला नव्वदच्या आसपास. आणि तीन मीटरवर गेलात तर १.८ ला आठ-नऊ सेंटिमीटर, म्हणजे डोळा आला की कान गेला. ग्रुपला मागे सरका आणि २.८ किंवा ४ करा, आयएसओ वाढेल तर वाढू दे. तरी दोन रांगा पूर्ण शार्प येणार नाहीतच, कोणती हवी ते तुम्ही ठरवा.

जुना रोल:
साठ म्हणजे फार झाले, मला कधी एवढे आवडत नाहीत. तुम्ही टाकलेले बारा बघितले, उडीचा तो तिसरा फोटो सुरेख, पाय वर आणि केस अजून खालीच.

सगळे बारा एकाच खुर्चीतून काढलेत ना? सगळ्यांत मागे तोच पडदा आणि त्या कोपऱ्यात ती हिरवी एक्झिटची पाटी. पुढच्या वेळी आयोजकांना विचारून दोन गाणी विंगेजवळ उभं राहून काढा, बाजूने लाइट मिळेल, मागे नुसता काळोख, आणि ती पाटी तुमच्या पाठीमागे जाईल.