खाऱ्या हवेच्या गावात फोनसाठी कोणता चार्जर घ्यावा?

किनारा_गुहागर

नमस्कार. आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. आईसाठी नुकताच सॅमसंगचा 25 वॅट चार्जिंगचा फोन घेतला, पण खोक्यात केबल तेवढी निघाली, चार्जर नव्हता. धाकट्या भावाकडे वनप्लसचा 80 वॅटचा चार्जर आणि त्याची लाल केबल आहे. तो आईच्या फोनला चालतो खरा, परंतु फोन भरायला फारच वेळ घेतो. 80 वॅटच्या चार्जरवर 25 वॅटचा फोन इतका संथ का चालावा, हे आम्हाला उमगलेले नाही.

बाजारात चौकशी केली तेव्हा एका दुकानदाराने 45 वॅटचा, तर दुसऱ्याने 65 वॅटचा चार्जर दाखवला. तिसऱ्याने, कोणताही घ्या, सगळे सारखेच, असे सांगून अडीचशे रुपयांचा एक बिननावाचा चार्जर पुढे केला. त्यावरही 65 वॅट असेच छापलेले होते. जास्त वॅटच्या चार्जरने बॅटरी खराब होते का? आणि आणखी एक काळजी आहे. पावसाळ्यात आई ओल्या लादीवर अनवाणी उभी राहून चार्जिंगला लावलेला फोन हाती घेते, तेव्हा फोनच्या धातूच्या कडेला झिणझिण्या लागतात, असे ती म्हणते. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दुरुस्ती_रत्नागिरी

आपल्या पहिल्या प्रश्नातच बरेचसे उत्तर आहे. वॅटचा आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती शक्ती देऊ शकतो याची मर्यादा. त्यांपैकी किती घ्यायची हे फोन ठरवतो. केबल जोडताच चार्जर आपल्याकडे कोणकोणते व्होल्टेज आणि किती अँपिअर आहेत ते कळवतो, फोन त्यांतून एक मागतो आणि मगच वाढीव व्होल्टेज सुरू होते. ही बोलणी ज्या पद्धतीने होतात ती पद्धत दोघांपैकी एकालाही ठाऊक नसली, तर दोघे साध्या 5 व्होल्टवर थांबतात. वनप्लसची सुपरव्हूक ही त्या कंपनीची स्वतःची पद्धत आहे. तिच्यात व्होल्टेज तुलनेने कमी आणि प्रवाह बराच मोठा असतो, आणि त्यासाठी केबलसुद्धा खास लागते. सॅमसंगच्या फोनला ती पद्धत कळत नाही, म्हणून तो 80 वॅटच्या चार्जरवरही संथच चालणार. यात ना चार्जरचा दोष आहे ना फोनचा.

आईंच्या फोनला लागते ती यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही सर्वांसाठी खुली असलेली पद्धत आणि तिच्यातील पीपीएस ही सोय. साध्या पीडीमध्ये 5, 9, 15 आणि 20 व्होल्ट अशा ठरलेल्या पायऱ्या असतात. पीपीएसमध्ये फोन बॅटरीच्या त्या क्षणीच्या गरजेनुसार 20 मिलिव्होल्टच्या बारीक टप्प्यांनी व्होल्टेज वरखाली मागू शकतो. त्यामुळे व्होल्टेज उतरवण्याचे काम फोनच्या आत कमी होते आणि फोन कमी तापतो. आपल्याकडे मे महिन्यात घरातली हवाच इतकी गरम आणि दमट असते, की मला चार्जिंगच्या वेगापेक्षा हा फायदा अधिक मोलाचा वाटतो, कारण बॅटरीचे आयुष्य सर्वांत जास्त घटते ते उष्णतेने.

तेव्हा दुकानात पुढच्या बाजूचा मोठा आकडा पाहू नका. चार्जर उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचा. इनपुटसमोर 100 ते 240 व्होल्ट असावे. आउटपुटसमोर 9 व्होल्टची नोंद असावी आणि शिवाय पीपीएस असे लिहून 3.3 ते 11 व्होल्ट अशी कक्षा दिलेली असावी. ही कक्षा दिसली आणि तिच्यापुढे सव्वादोन किंवा त्याहून जास्त अँपिअर लिहिलेले असले, की 25 वॅटच्या सॅमसंगचे काम झाले. घरी आणून लावल्यावर पडद्यावर ‘सुपर फास्ट चार्जिंग’ असे उमटले तर बोलणी जुळली; नुसते ‘फास्ट चार्जिंग’ उमटले तर पीपीएस जुळलेले नाही. 45 किंवा 65 वॅटच्या चांगल्या चार्जरने बॅटरीला काहीही अपाय होत नाही. मात्र घरात लॅपटॉप नसेल तर त्यासाठी जास्त पैसे खर्च करण्याचेही कारण नाही. दोन तोंडांचा चार्जर घेणार असाल तर दोन्ही तोंडे एकाच वेळी वापरल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला किती वॅट येतात, तेही लेबलवर पाहून घ्यावे. 65 हा आकडा पुष्कळदा एकट्या तोंडाचा असतो.

केबलविषयी थोडक्यात सांगतो. दोन्ही टोकांना सी, म्हणजे यूएसबी-सी हे लंबगोल तोंड, असलेली साधी केबल 3 अँपिअरपर्यंत चालते आणि आईंच्या फोनला तेवढी पुरे आहे. 5 अँपिअरची केबल, जिच्यात ओळख सांगणारी चिप असते, ती सॅमसंगच्या 45 वॅटच्या फोनना लागते.

आगर_दापोली

वरचे उत्तर अचूक आहे. मला त्या अडीचशे रुपयांच्या चार्जरविषयी बोलायचे आहे, कारण किनाऱ्यावर तो केवळ निकृष्ट ठरत नाही, धोकादायक ठरतो.

चार्जरच्या आत एका बाजूला भिंतीतला 230 व्होल्टचा प्रवाह असतो आणि दुसऱ्या बाजूला आपल्या हातात येणारा 5 किंवा 9 व्होल्टचा. या दोन बाजूंमध्ये सर्किटच्या पट्टीवर काही मिलिमीटरचे मोकळे अंतर राखणे सुरक्षेच्या मानकांनुसार बंधनकारक आहे, आणि ट्रान्सफॉर्मरमध्येही दोन गुंडाळ्यांच्या मध्ये पक्के इन्सुलेशन लागते. बिननावाच्या चार्जरमध्ये पैसे वाचतात ते नेमके याच ठिकाणी. कोरड्या हवेत असा चार्जर कदाचित वर्षभर निभावून जाईलही. आपल्याकडे मात्र खाऱ्या हवेतले मिठाचे कण पट्टीवर बसतात, आषाढातला ओलावा ते शोषून घेतात आणि त्या थरातून प्रवाह सरकू लागतो. आधीच तोकडे असलेले अंतर अशा वेळी नावापुरतेच उरते. ज्या घरात पंख्याच्या पात्यांना आणि खिडकीच्या बिजागऱ्यांना दोन वर्षांत गंज चढतो, त्या घरात चार्जरचे इन्सुलेशन ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

भारतात मोबाइलचे चार्जर आणि पॉवर बँक यांची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ अंकी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव आणि नोंदणी चालू आहे की नाही, हे दिसते. खोटा क्रमांक छापणे सोपे असते, म्हणून दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, हा तपास करावा. ॲपमधले नाव आणि चार्जरवरचे नाव जुळत नसेल तर तो चार्जर घेऊ नये.

आता झिणझिण्यांविषयी. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरमध्येही आतल्या दोन बाजूंना जोडणारा एक छोटा सुरक्षा कपॅसिटर असतो. त्यातून मिलिअँपिअरच्या अंशाइतका प्रवाह फोनच्या धातूपर्यंत येतो आणि ओल्या लादीवर अनवाणी उभे राहिले की तो जाणवतो. बोट हलके फिरवल्यावर गुदगुल्यांसारखे वाटणे याच प्रकारातले आहे आणि मानकात बसणाऱ्या चार्जरमध्ये ते घातक नसते. हात झटकावा लागेल असा धक्का बसत असेल, तर तो चार्जर त्याच क्षणी बंद करून टाकून द्यावा. चार्जर बदलूनही त्रास तसाच राहिला, किंवा नळाला आणि भिंतीलाही तसे जाणवू लागले, तर दोष घराच्या वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असू शकतो. वायरमनला बोलवावे आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसलेला नसेल तर तो बसवून घ्यावा. तोवर आईंनी चपला घालून किंवा चार्जिंग काढून फोन हाती घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती.

सॉकेटही तपासा. आपल्या सॉकेटमध्ये पिना सैल बसत असतील तर तिथे ठिणग्या पडतात, पिना काळवंडतात आणि चार्जर विनाकारण तापतो. अशा वेळी चार्जर बदलून उपयोग नाही, सॉकेटच बदलले पाहिजे.

किनारा_गुहागर

दोघांचेही मनापासून आभार. पीपीएसची नोंद आणि आर क्रमांक या दोन्ही गोष्टी तपासूनच चार्जर घेईन. ओघाने दोन शंका विचारतो. पावसाळ्यात आईच्या जुन्या फोनवर चार्जिंगच्या तोंडात ओलावा असल्याची सूचना वारंवार येत असे. ती आली असता काय करावे? दुसरे असे, की वादळात आमच्याकडची वीज कित्येकदा दिवसचे दिवस नसते, आणि काकांना होडीवरही फोन चार्ज करावा लागतो. त्यासाठी काय सोय करावी?

तांडेल_मालवण

ओलाव्याची सूचना आली की केबल लगेच काढावी. फोन तोंड खाली करून हलकेच झटकावा आणि पंख्याखाली ठेवून द्यावा. तांदळात ठेवू नये. त्याचे कण आणि पीठ तोंडात अडकते. समुद्राचे पाणी गेले असेल तर नुसते वाळवून भागत नाही, कारण मीठ आतच राहते. अशा वेळी फोन दुरुस्तीवाल्याकडे नेऊन साफ करून घ्यावा. ओल्या तोंडात वीज सुरू राहिली की आतल्या पट्ट्या हिरव्या-काळ्या पडून झिजतात, सूचना येते ती एवढ्यासाठीच. केबलच्या बाबतीतही हेच घडते. एका टोकाला जुने चौकोनी तोंड असलेली केबल चार्जरमध्ये खोचून ठेवली, तर फोन जोडलेला नसतानाही तिच्या टोकाशी 5 व्होल्ट असतात आणि पडवीतल्या दमट हवेत ते टोक खराब होते. दोन्हीकडे सी असलेल्या केबलमध्ये फोन जोडेपर्यंत वीज येतच नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या घरात मी दोन्हीकडे सी असलेलीच केबल सुचवीन.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती, हे आपणा सर्वांना आठवतच असेल. घरी 10000 एमएएचची एक पॉवर बँक पावसापूर्वी भरून ठेवावी. तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे साठा 37 वॅट-तासांचा. वाटेतली घट धरता 5000 एमएएचचा फोन तिच्यावर साधारण दीड वेळा भरतो. वादळात चार्जर सॉकेटमधून काढूनच ठेवावा. माडाची झावळ किंवा फांदी पडून विजेच्या लाइनमधली न्यूट्रलची तार तुटली, तर घरात 230 पेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज येऊ शकते. दिवे एकाएकी नेहमीपेक्षा प्रखर झाले तर मेन स्विच बंद करावा.

होडीवर काकांनी इन्व्हर्टरच्या भानगडीत पडू नये. बॅटरी 12 व्होल्टची असो वा 24 ची, दोन्हींवर चालणारा आणि पीडी असलेला गाडीचा चार्जर मिळतो; इनपुटसमोर 12 ते 24 व्होल्ट लिहिलेले पाहून तोच घ्यावा. बॅटरीपासून येणाऱ्या तारेत, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज अवश्य बसवावा. सॉकेट झाकणाचे असावे आणि ते केबिनच्या आत, शिंतोडे पोहोचणार नाहीत इतक्या उंचीवर लावावे.