पुण्यात परदेशी वादकांच्या मैफिली तिकीट लावून कराव्यात का?

नी_सा: इराण, सुदान, येमेन, अफगाणिस्तानची कितीतरी पोरं इथे शिकतायत, त्यातली काही ऊद (अरबी तंतुवाद्य) नाहीतर संतूर मस्त वाजवतात पण ऐकायला मिळतात कुठे तर कॉलेजच्या गॅदरिंगला, दोन गाणी आणि मग डीजे. माझं म्हणणं, महिन्याला एक मैफल करू, सुदर्शनसारखा छोटा हॉल, एकाच कलाकाराला पूर्ण दीड तास. आणि तिकीट हवंच, फुकट ठेवलं की निम्मे मध्येच उठतात.

हलगीवाला: आधी घरचं बघा की राव. संबळवाल्याला लग्नसराई सोडून कोण विचारतं? गोंधळाला तिकीट काढलंय का कधी, खरं सांगा.

तंबोरा: घरचं म्हणजे नक्की कुठलं? गायक अब्दुल करीम खाँ यूपीतल्या कैरानाचे, १९१३ ला पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेनजी, तेही कर्नाटकातल्या गदगचे. आणि डिसेंबरात सवाई महोत्सवाला सतरंजी टाकून बसतो आपण.

पेठकर: हे उदाहरण दर वेळी येतं. खाँसाहेब एक संध्याकाळ गाऊन गेले नाहीत हो, शिष्य घडवले, मिरजेत राहिले, कबर पण तिथल्याच दर्ग्यात. ही पोरं डिग्री घेऊन जाणार. दीड तासात काय डोंबल कळणार?

तंबोरा: ऊदला पडदे नसतात. कोमल-शुद्धच्या मधला स्वर सरळ लावतात, आधी बेसूर वाटतं, थोडं थांबलं की कान बसतो, म्हणूनच दीड तास. फक्त मागे तबला नको प्लीज, टाळ्या सगळ्या तिहाईलाच (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) पडतात.

कायद्याचं_बोला: तिकीट लावाल, पण त्याला पैसे देणार कसे? स्टुडंट व्हिसावर कमाई चालत नाही. मानधन म्हणून पाकीट सरकवलंत तर गोत्यात तो येईल, तुम्ही नाही.

नी_सा: हे डोक्यातच नव्हतं. फुकट वाजवून घेणं तर अजिबात पटत नाही.

हलगीवाला: मग वाकड-हिंजवडीच्या साइटवर जा. यूपी-बिहारचे गवंडी रात्री ढोलक घेऊन बसतात, बिरहा म्हणतात, चैता म्हणतात, तिकडची लोकगीतं. तेही गाव सोडूनच आलेत आणि त्यांना व्हिसा लागत नाही. परदेशी नाहीत म्हणून धाग्यात आले नाहीत होय?

नी_सा: चालेल, पहिली मैफल बिरह्याची. दुसरी संबळाची, माणूस तुम्ही आणायचा. तिकीट दोनशे.

पेठकर: दोनशे? बिरह्याला? पहिल्या रांगेतलं एक माझ्या नावे ठेवा, मागे किती खुर्च्या भरतात ते बघायचंय.